हनुवटीपर्यंत न टिकणारी धार : एका वस्तऱ्याचं प्रकरण

तक्रार थोडक्यात अशी होती : वस्तरा उजव्या गालावर उत्तम चालतो, डाव्या गालावर बरा, हनुवटीवर ओढायला लागतो आणि गळ्यावर तर नकोसा होतो. रोज हेच. तक्रार करणारे गृहस्थ नवशिके नव्हते. काही वर्षं वस्तऱ्यानेच दाढी करतात, धारही स्वतः लावतात. दगड चांगले, चामड्याचा पट्टा चांगला, साबणात काटकसर नाही. त्यांनी कारणही शोधून ठेवलं होतं : स्टील कच्चं आहे, धार धरत नाही. नवा वस्तरा घ्यावा का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

‘मध्येच धार गेली’ असं आपण पटकन म्हणतो, पण ते म्हणताना आपण निदान करून मोकळे झालेलो असतो. प्रत्यक्षात जाणवलेलं असतं ते इतकंच की अर्ध्या वाटेवर केस कापले न जाता ओढले जाऊ लागले. असं व्हायला पात्याची कड बदललेली असू शकते, केस बदललेला असू शकतो, किंवा हात बदललेला असू शकतो. गंमत अशी की एकाच दाढीत, पंधरा-वीस मिनिटांत, या तिन्ही गोष्टी खरोखरच बदलत असतात. त्यामुळे नुसत्या चेहऱ्याच्या जाणिवेवरून दोष कुणाचा हे सांगता येत नाही. ते वेगळं काढावं लागतं. या प्रकरणात तिघांचाही वाटा निघाला, मात्र सारखा नाही. आणि स्टील बिचारं जवळजवळ निर्दोष सुटलं.

वस्तरा कसा होता

कार्बन स्टीलचा जुना वस्तरा, दोन्ही अंगांनी खोल घासून पातळ केलेला. पात्याची रुंदी साधारण १७ मिलिमीटर. मुठीजवळ थोडे काळे डाग, पण कडेवर गंज नाही. डोळ्यांत भरणारी गोष्ट एकच : पाठीच्या, म्हणजे कडेसमोरच्या जाड बाजूच्या, दोन्ही अंगांना रुंद, चकचकीत, सपाट पट्टे पडले होते. वस्तरा दगडावर आडवा ठेवतात तेव्हा त्याची पाठ आणि कड दोन्ही दगडाला टेकतात, म्हणून कडेबरोबर पाठही झिजते. थोडी झीज सगळ्याच जुन्या वस्तऱ्यांवर दिसते. ही थोडी नव्हती.

पातं त्याच दिवशी दगडावर घासून, चामड्याच्या पट्ट्यावर परजून आणलं होतं. त्यांनी माझ्यासमोर केसाची परीक्षा केली. एक केस मुळाकडून चिमटीत धरून त्याचं मोकळं टोक कडेवर अलगद सोडायचं. स्पर्श झाल्याबरोबर केस तुटून पडला, आवाजसुद्धा झाला नाही. पात्याच्या टोकापासून मुठीपर्यंत कुठेही केस सोडा, तोच निकाल. “एवढी धार आहे, आणि हनुवटीवर पोचेपर्यंत संपते,” ते म्हणाले. त्यांचा वैताग खरा होता.

ही केसाची परीक्षा दिसायला फार छान असते आणि म्हणूनच तिचा मोह पडतो. कड या क्षणी किती बारीक आहे हे तिच्यातून समजतं. ती किती भक्कम आहे, याबद्दल ही परीक्षा एक अक्षर बोलत नाही.

आधी क्रम बदलून पाहिला

त्यांचा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला : उजवा गाल, डावा गाल, हनुवटी, वरचा ओठ, शेवटी गळा. ठरलेल्या क्रमाची अडचण अशी की जागा आणि वेळ एकमेकांत अडकून बसतात. हनुवटीवर ओढ लागते ती हनुवटीच्या राठ केसांमुळे, की हनुवटीची पाळी उशिरा येते म्हणून, हे कळायला मार्गच राहत नाही. म्हणून बाकी काहीही न बदलता दाढी गळ्यापासून सुरू करायला सांगितली. मग हनुवटी, आणि उजवा गाल सर्वांत शेवटी.

निकाल अर्धवट आला, आणि अर्धवट निकालच उपयोगी पडला. गळा नेहमीपेक्षा पुष्कळ सुसह्य झाला, हनुवटीही जमली. उजवा गाल, जो रोज सर्वांत सुखाचा असायचा, तो आज खरखरला. ओढ नव्हती, पण पातं सरकण्याऐवजी घासत गेल्यासारखं वाटलं. गालाचे केस तुलनेने बारीक आणि एका दिशेला झुकलेले असतात, निम्मी उतरलेली धारही तिथे निभावून नेते. अशा जागेवर फरक जाणवला म्हणजे कड खरोखरच खालावत होती. म्हणजे त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता.

दुसऱ्या वेळी नेहमीच्याच क्रमाने दाढी करायची आणि हनुवटीशी थांबायचं असं ठरलं. चेहऱ्यावर जो फेस आहे तसाच ठेवून हनुवटीवर दुसरा वस्तरा चालवला. हा माझा, खात्रीचा, त्या दिवशी अजिबात न वापरलेला. तोही ओढला! त्यांच्या वस्तऱ्यापेक्षा कमी, पण ओढला. मग हनुवटी कोमट पाण्याने पुन्हा भिजवली, नवा फेस लावला, थोडा वेळ जाऊ दिला. आता माझा वस्तरा नीट चालला. त्याच ओल्या फेसावर त्यांचा वस्तरा घेतला, तो मात्र अजूनही अडखळत होता.

इथे दोन कारणं सरळ वेगळी झाली. ताजी धारसुद्धा ओढते म्हणजे केस आणि फेस बिघडलेले. केस भिजवल्यावरही जुना वस्तरा ओढतो म्हणजे कडही बिघडलेली. दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच वेळी डोकं वर काढत होती आणि सगळं खापर स्टीलवर फुटत होतं.

दाढी संपल्यावर पातं धुऊन, कोरडं करून केसाची परीक्षा पुन्हा घेतली. मुठीकडच्या भागावर केस सकाळसारखाच तुटला. मधल्या भागावर आणि टोकाकडे तो कडेवरून नुसता घसरला, कधी मधोमध चिरला. त्यांचा हात पाहिल्यावर याचा उलगडा झाला. जवळजवळ सगळे फटके ते पात्याच्या पुढच्या भागाने मारत होते, मुठीकडचा भाग चेहऱ्याला लागतच नव्हता. स्टील तेच, दगड तोच, पट्टा तोच, सकाळची धारही सारखीच. जो भाग राबला त्याची कड गेली, जो बसून राहिला त्याची टिकली. म्हणजे पाण्याने, वाफेने किंवा नुसतं वेळ गेल्याने धार उतरते, हा तर्क इथेच निकालात निघाला.

मग प्रश्न उरला : कड वळली की तुटली? कापताना अगदी टोकाची धार सूक्ष्म प्रमाणात एका बाजूला कलते. तसं असेल तर पट्ट्यावर परजल्यावर ती सरळ होते आणि पुन्हा बराच वेळ चालते. तुटली असेल तर पट्टा काही करू शकत नाही, कारण पट्टा धातू जागेवर आणतो, नवा धातू देत नाही. म्हणून पुढच्या खेपेला हनुवटीच्या आधी थांबून पातं धुतलं, पूर्ण कोरडं केलं आणि चामड्यावर काही हलके हात मारले. चार-सहा फटके बरे गेले, मग पुन्हा तेच. थोडं वळलेलं होतं ते सरळ झालं असावं, पण मूळ दुखणं तुटण्याचं होतं.

भिंगाखाली

धार तपासायला प्रखर दिवा आणि साधं भिंग पुष्कळदा पुरतं. कड वर करून दिव्याचा उजेड सरळ तिच्यावर पडू द्यायचा. धारदार कड इतकी अरुंद असते की तिच्यावरून उजेड परततच नाही, तिथे नुसती काळी रेघ दिसते. जिथे चमक दिसेल तिथे कड सपाट, वळलेली किंवा तुटलेली आहे असं समजावं.

दाढीच्या आधी ती रेघ काळी होती. दाढीनंतर मधल्या भागात बारीक चमकते ठिपके दिसले, काही सुटे, काही ओळीने. छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर त्या जागी कडेतून लहान अर्धगोल तुकडे निघून गेलेले दिसले. आणि एका ठिकाणी तर जे एरवी फक्त बोलण्यात येतं ते समोर दिसलं : कडेपासून सुटत आलेला, एका टोकाला अजून चिकटलेला, बाजूला मुडपलेला पातळ धातूचा पापुद्रा.

धार लावणारे याला तार म्हणतात. पातं दगडावर गरजेपेक्षा जास्त घासलं की टोकाचा धातू इतका पातळ होतो की तो दगडाच्या दाबाखाली झिजण्याऐवजी लवतो. खालचा धातू झिजत राहतो आणि हा पातळ पापुद्रा कडेवर तसाच उभा राहतो. तो असतो अत्यंत बारीक, त्यामुळे केसाची परीक्षा तो शंभर टक्के गुणांनी पास होतो. उजवा गालही त्यावर सुखात निघतो. पण त्याला आधार नसतो. डाव्या गालावर तो मुडपायला लागतो आणि हनुवटीवर तुटतो. तुटल्यावर खाली जी कड उरते ती साफ कापलेली नसते, फाटलेली असते. या गृहस्थांना रोज सकाळी जी ‘धार’ मिळत होती ती बरीचशी हीच होती. टिकावी अशी ती वस्तूच नव्हती.

ती का तयार होत होती हे त्यांच्या पद्धतीत स्पष्ट होतं. शेवटच्या १२,००० ग्रिटच्या दगडावर (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचा आकडा, जितका मोठा तितका दगड बारीक) ते मनापासून आणि बराच वेळ घासायचे. त्यात बोटांचा दाबही असायचा. हनुवटीवर वस्तरा ओढला की दुसऱ्या दिवशी आणखी घासायचे. वर हिरव्या क्रोमियम ऑक्साइडचा, म्हणजे सुमारे अर्ध्या मायक्रॉनच्या कणांचा लेप लावलेल्या पट्ट्यावर जवळजवळ रोज परजणं. पट्ट्यावर पाठ पुढे आणि कड मागे अशी चाल असते, त्यामुळे लेप धातू घासतो आणि उरलेला टोकाकडे ओढतही राहतो. क्वचित वापरला तर लेप उत्तम काम करतो. रोज वापरला तर तार वाढवायचं साधन होतो. यात भर म्हणजे पट्टा सैल धरलेला. सैल पट्टा पात्याभोवती वळतो आणि कडेचा उतार गोल करतो.

केसासारखी मऊ गोष्ट स्टीलचा तुकडा पाडते हे ऐकायला विचित्र वाटतं. केस स्टीलच्या सुमारे ५० पट मऊ असतो. यावर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या धातुशास्त्रज्ञांनी केलेलं काम २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. त्यांनी दाढीच्या साध्या पात्यांनी खऱ्या दाढ्या करून दर दाढीनंतर कडेचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेतले. कड हळूहळू गोल होत जाईल ही अपेक्षा. प्रत्यक्षात गोलाई फारशी दिसली नाही, दिसले ते टवके. मग सूक्ष्मदर्शकाच्या आतच केस कापायचं छोटं यंत्र बसवून त्यांनी टवका केव्हा उडतो हे शोधलं. केस पात्याला काटकोनात आला तर काही होत नाही. केस कापला जाण्याआधी वाकला, बाजूने कललेल्या कोनात कडेला भिडला आणि नेमक्या त्या जागी स्टीलच्या अंतर्रचनेत उणीव असली, की तिथे ताण एकवटतो आणि तुकडा सुटतो. अभ्यास वस्तऱ्यावर नव्हता, स्टेनलेस स्टीलच्या पात्यांवर होता, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इकडे आणायचे नाहीत. पण वाकणारा केस कडेचा शत्रू, ही गोष्ट इकडेही तितकीच लागू आहे. हनुवटीवर केस राठ, त्यांची दिशा जागोजाग वेगळी, कातडीखाली कधी हाड तर कधी पोकळ. तिथे केस वाकण्याची संधी सर्वांत जास्त.

कोन मोजला

तार हे कारण पुरेसं होतं, आणि पुष्कळ जण इथेच थांबले असते. मला पाठीवरचे ते रुंद पट्टे सोडवत नव्हते.

वस्तऱ्याला धार लावताना कोन हाताने धरावा लागत नाही, तो पात्याच्या घडणीतच असतो. पाठीची जाडी आणि पाठीपासून कडेपर्यंतचं अंतर मिळून तो ठरतो. हिशेब सोपा आहे : जाडीला रुंदीने भागायचं आणि आलेल्या संख्येला ५७ ने गुणायचं, उत्तर जवळपास अंशांत मिळतं. जाडी मोजायची ती पाठ दगडाला जिथे टेकते तिथली. नीट घडवलेल्या वस्तऱ्यात हा कोन साधारण १६ ते १८ अंशांच्या आसपास येतो.

या वस्तऱ्याची पाठ त्या जागी ४.१ मिलिमीटर उरली होती, रुंदी १७. कोन आला १४ अंशांच्याही खाली, १३.८ च्या जवळ. वर्षानुवर्षं दाबून घासल्याने कडेपेक्षा पाठ वेगाने झिजली होती आणि कोन बारीक होत गेला होता. कोन बारीक झाला की कडेमागे धातू कमी राहतो. असं पातं पहिल्या फटक्याला अप्रतिम कापतं, तारही त्यावर लवकर धरते आणि राठ केसावर कड टिकत नाही. म्हणजे तार तेवढी काढून तोच कोन ठेवला असता तर काही दिवसांत गाडी पुन्हा तिथेच आली असती. स्टील कच्चं नव्हतं, त्याच्याकडून न झेपणाऱ्या कोनात काम घेतलं जात होतं.

फेस आणि हात

केसाच्या बाजूने फार खोलात जायची गरज पडली नाही. कोरडा केस चिवट असतो. पाणी आत शिरलं की केराटिनमधले, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्यातले, हायड्रोजन बंध सैल होतात आणि कापायला लागणारं बळ पुष्कळ कमी होतं. त्यासाठी कोमट पाण्याची दोन-तीन मिनिटं पुरतात. साबणाच्या फेसाचं मोठं काम हे पाणी केसाजवळ धरून ठेवण्याचं, निसरडेपणा त्याच्या जोडीला. हे गृहस्थ संपूर्ण चेहऱ्याला एकदम फेस लावायचे आणि मग सावकाश, काळजीपूर्वक दाढी करायचे. गळ्यावर पोचेपर्यंत तिथला फेस पांढराशुभ्र आणि फुगलेला दिसायचा, पण बोट लावलं की कोरडा. फेस दिसतो आहे म्हणजे केस ओला आहे असं नसतं. गळ्याचं दुखणं मुख्यतः या कोरडेपणाचं होतं, हनुवटीचं मुख्यतः कडेचं.

हाताचा वाटा लहान, पण होता. गालावर त्यांचं पातं कातडीशी साधारण ३० अंशांत असायचं. हनुवटीच्या गोलाईवर मनगट अडायचं, पाठ उचलली जायची आणि कोन ४५ च्या पुढे जायचा. अशा वेळी कड केसाला कापत नाही, आडवी ढकलते, आणि केस वाकतो. ओढ जाणवली की माणूस नकळत दाब वाढवतो, त्याने आणखी वाकतो. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरणं इथे महत्त्वाचं. ताणलेल्या कातडीवर केस मुळाशी घट्ट उभा राहतो आणि वाकण्याआधी तुटतो. गालावर ते कातडी ताणत होते, हनुवटीवर सोडून देत होते.

त्यांचे दोन संशय जाता जाता निकाली काढले. एक, गरम पाण्यात बुडवल्याने स्टील नरम होतं का? नाही. असं स्टील कडक केल्यानंतर साधारण १५० ते २०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा कमी केलेला असतो. त्या मानाने उकळतं पाणीसुद्धा त्याला काहीच नाही. नळाच्या तोटीला कड लागणं मात्र खरोखर घातक. दुसरा, वस्तऱ्याला मध्ये विश्रांती द्यावी म्हणतात त्याचं काय? आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात वस्तऱ्यांच्या पेट्या पूर्वी विकल्या जात, त्यामागे ही समजूत सांगतात. पातं आळीपाळीने वापरलं तर प्रत्येकावरचा भार कमी होतो, हे उघड आहे. नुसतं पडून राहिल्याने तुटलेली कड भरून येईल यावर माझा विश्वास नाही.

दुरुस्ती

आधी तार संपवली. पातं उभं धरून कड काचेच्या गुळगुळीत गोल काठावरून अगदी वजन न देता, लांबीच्या दिशेने एकदा ओढली. हे करताना धार घालवायला नको वाटतं, पण सुटायला आलेला पापुद्रा कडेवर ठेवून वर कितीही घासलं तरी तो खाली दबून बसतो आणि दाढीच्या वेळी पुन्हा वर येतो. यानंतर पात्याने केस कापला नाही, आणि तेच हवं होतं.

मग पाठीवर इन्सुलेशन टेपचे दोन थर चढवले. टेप ०.१५ मिलिमीटर जाडीची, पाठीच्या दोन्ही अंगांवरून वळलेली, त्यामुळे एका थराने जाडी ०.३ ने वाढते आणि कोन जवळपास एका अंशाने. दोन थरांनी ४.१ चे ४.७ झाले, कोन १५.८ च्या आसपास गेला. सबंध उतार नव्याने घासायची गरज नव्हती. कोन दोन अंशांनी वाढल्यामुळे दगडाला आता फक्त अगदी टोकाचा अरुंद पट्टा टेकत होता, आणि तेवढाच घासायचा होता. जुन्या पात्यातलं स्टील वाचवायचा हा चांगला मार्ग आहे. काही जणांना पाठीवर टेप लावणं कमीपणाचं वाटतं. झिजलेल्या पाठीच्या बाबतीत तरी मला ते पटत नाही.

८,००० च्या दगडावर, कड पुढे ठेवून, एकेक फटका या बाजूने आणि एकेक त्या बाजूने, असं घासलं. दाब फक्त पात्याच्या वजनाचा. भिंगाखाली चमकणारी रेघ सलग काळी झाली तिथे थांबलो. १२,००० च्या दगडावर थोडेच हात दिले, कारण याच दगडावर पूर्वी तार वाढत होती. हिरवा लेप पूर्ण बंद केला. परजताना आधी कापडी पट्ट्यावर वीस-तीस, मग चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या, पट्टा ताणून, वळताना पातं पाठीवरून फिरवायचं, कडेवरून कधीच नाही.

दाढीच्या पद्धतीत बदल थोडे, पण त्यांच्या सवयीला जड जाणारे. फेस एका वेळी एकाच भागाला, आणि प्रत्येक भागाला फेस लावण्याआधी पुन्हा पाणी. पात्याचा मुठीकडचा भाग गालांसाठी, मधला आणि टोकाकडचा हनुवटीसाठी राखलेला, म्हणजे राठ केसांवर पोचताना कडेने आधी दोन गाल निपटलेले नसतात. हा बदल मला सर्वांत हुशारीचा वाटतो, त्याला खर्च नाही आणि नवं कौशल्यही लागत नाही. फेस पुसताना पातं ओल्या कापडावर पाठीच्या दिशेने ओढायचं, कडेच्या दिशेने ढकलायचं नाही. मध्ये ओढ जाणवलीच तर दाब वाढवण्याऐवजी थांबायचं, पातं धुऊन पूर्ण कोरडं करायचं आणि हाताच्या तळव्यावर, सपाट ठेवून, पाठ पुढे अशी काही हलकी फिरवायची. जुने कारागीर हे सर्रास करत. पट्टा असेल तर पट्ट्यावर, पण ओलं पातं पट्ट्याला लावायचं नाही, चामडं खराब होतं.

पुढे काय झालं

नव्या धारेवर केसाची परीक्षा पूर्वीपेक्षा खराब आली. केस पहिल्या स्पर्शाला पडला नाही, किंचित टच आवाज करून दुसऱ्या स्पर्शाला तुटला. गृहस्थांचा चेहरा पडला. उजव्या गालावरचा पहिला फटकाही पूर्वीइतका अलगद गेला नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. पण डावा गाल तसाच गेला, हनुवटी तशीच गेली आणि गळा, फेस ताजा असल्यामुळे, पहिल्यांदाच बिनतक्रार निघाला. दाढीनंतरच्या परीक्षेत मुठीकडचा, मधला आणि टोकाकडचा भाग यांत फरक उरला नव्हता. भिंगाखाली दोन-तीन ठिपके होते, ते पुढच्या परजण्यात गेले. म्हणजे ते वळलेले होते, तुटलेले नव्हते.

काही आठवड्यांनंतरही ते फक्त पट्ट्यावर भागवत आहेत, दगड बाहेर काढावा लागलेला नाही. नवा वस्तरा घ्यायचा विचार मागे पडला.

नाकाखालचा भाग अजून पुरता जमलेला नाही. तिथे जागा इतकी कमी की पाठ उचलली जातेच, कातडी ताणायला बोटाला जागा मिळत नाही. वरचा ओठ दातांवर घट्ट ओढून, नाकाचं टोक दुसऱ्या हाताने वर धरून, आखूड फटक्यांनी ते आता बरंच निभावतात. हे धारेचं काम नाही, हाताचं आहे, आणि त्याला वेळ लागेल.

आणि एक गोष्ट वस्तऱ्याच्या पेटीत चिठ्ठीवर लिहून ठेवायला सांगितली आहे : पुढच्या वेळी दगडावर घेताना पाठीवर त्याच जाडीची टेप, दोन थर. टेप विसरली तर दगड मागच्या जुन्या उताराला टेकेल, कडेला पोचणारच नाही, आणि ते तासभर घासून म्हणतील की स्टील कच्चं आहे.